तो मसाला टाकून दे

कराड, कोजागरी

चि. मनू हिस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सगळं सांगितलंस, त्या गोळ्यांच्या व्यसनाचं, लायसन्सचं, तपासण्यांच्या कराराचं, आणि मी "जेवलीस का" एवढंच विचारलं. बाबा पलीकडच्या खोलीत होते, त्यांना काय आणि किती सांगायचं ते माझं ठरत नव्हतं. आता सांगितलंय. ते काहीच बोलले नाहीत. पिशवी घेऊन मंडईत गेले आणि कोणी मागितलेली नसताना ढीगभर सीताफळं घेऊन आले. तू ओळखतेसच त्यांना.

आधी कामाचं. मे महिन्यात दिलेला कांदा-लसूण मसाला टाकून दे. डबा धुऊन ठेव, पण मसाला टाक. त्यात खसखस आहे आणि ती आपल्याकडे मापाने पडत नाही. खसखस अफूच्या बोंडातलीच, हे नर्सला मी काय सांगायचं! पण घरचा मसाला म्हटलं की लक्षात येत नाही. लघवीत मॉर्फिन सापडलं, तर ते आमटीतून आलं की इंजेक्शनातून, हे तपासणीत कळेलच असं नाही. तुझ्या करारात खसखस बंद असं लिहिलेलंच आहे म्हणालीस, म्हणजे नंतर सबब चालायची नाही. यंदा अनारसे नाहीत. करंज्याही नाहीत, सारणात भाजून घातलेली असते. चकली, शेव आणि बेसनाचे लाडू पाठवते. कपाटात द्राक्षासवाची बाटली असेल तीही ओत. आसव-अरिष्टात मुरताना आपोआप दारू तयार होते, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. बाळंतपणात तुला दशमूलारिष्ट मीच पाजलं होतं, तेव्हा कुणाला काय माहीत.

आज तपासणी आहे का ते सांगणारं ॲप सकाळी उघडतेस ना? इकडे दुपारचे अडीच वाजले की तिकडे पहाटेचे पाच, हे मला आता पाठ झालंय. अडीचला माझी नजर घड्याळाकडे जाते. नंबर लागला की त्याच दिवशी नमुना द्यायचा, राहिला तर तोही तुझ्याविरुद्धच धरतात, असं तू म्हणालीस. म्हणून विचारते. गजर एक नको, दोन लाव. आणि पाणी कमी पी. आयुष्यभर तुझ्यामागे "पाणी पी, पाणी पी" म्हणून लागले, आणि आता नमुना पातळ आला तरी संशय घेतात म्हणे. हँड रबसुद्धा जपून लावायचा म्हणतात, त्यातही अल्कोहोल असतं म्हणून. आता नर्सने हात कसे चोळायचे नाहीत, ते त्यांनीच दाखवावं.

तुला औषधांच्या कपाटाची चावी मिळत नाही, तुझ्या पेशंटचं मॉर्फिन दुसरीने येऊन द्यावं लागतं, रात्रपाळी बंद, ओव्हरटाइम बंद. हे सांगताना तुझा आवाज बदलला. तो मला कळतो. आमच्या वॉर्डात पेथिडिनचं, म्हणजे मॉर्फिनसारख्याच वेदनाशामकाचं, कपाट दुहेरी कुलपाचं असायचं, चावी सिस्टर इन्चार्जच्या कमरेला. दर ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, अँप्यूल मोजायचे, रिकामे झालेलेसुद्धा जपून ठेवायचे. फुटला तर मेमो. अशाच एका मोजणीत आमच्यातली एक सापडली. उत्तम हात होता तिचा. लहान मुलांची शीर मिळेना की डॉक्टर तिलाच बोलवायचे. आठवड्याभरात तिचं नाव ड्यूटीच्या तक्त्यावरून गेलं. माहेरी गेली म्हणाले, पुढे कुणी काही बोललं नाही. तिला कुणी विचारलंही नाही की पाठ दुखते का, झोप लागते का, घरी काय चाललंय.

म्हणून तुझ्या त्या प्रोग्रामचा तुला कितीही राग आला तरी मला येत नाही. मी वाचून काढलं. १९८२ साली अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने ठराव केला की अशा नर्सला आधी उपचार मिळावेत, शिक्षेचं नंतर बघू. आणि पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, पहिला कायदा झाला तो तुझ्या फ्लोरिडातच. आजार आहे, उपचार घे, देखरेखीखाली काम कर, लायसन्स ठेव. तपासण्यांचे पैसे तुझ्याच खिशातून जातात हे खरं. कमी पडले तर विवेकरावांसमोर संकोच करू नकोस, मला सांग, माझी एफडी आहे. राहुलजवळ अटलांटाला जायचं मात्र आता थांबवावं लागेल. करार असेपर्यंत दुसऱ्या राज्यात त्या लायसन्सवर काम करता येत नाही, हे तू बोलली नाहीस, पण मला कळलं.

दाढ दुखली तरी डॉक्टरला आधी सांग. खोकल्याचं औषध बाटली वाचल्याशिवाय घेऊ नकोस. व्यसनमुक्तीची मीटिंग चुकवू नकोस. "मला गरज नाही" असं वाटेल त्या दिवशी तर मुळीच नको. कंटाळा आला, अपमान झाला, त्या ग्रुपमधली बाई आवडत नाही, ही कारणं नव्हेत. तू स्वतः पेशंटला

झालं. विद्यार्थिनींना झापायचे तशी सुरू झाले. माफ कर गं. हा भाग वाचू नकोस.

शिरीषदादाला आठव. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, हा आठ दिवसांत पळून येईल. आज त्याच्या मुलीचं लग्न त्याने उभं राहून लावलं, आणि अजून मीटिंगला जातो. परवा त्याला तुझं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

आजीच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा तू बारावीत होतीस. दुपारी क्लास बुडवून ड्रेसिंग करायचीस आणि मला सांगायचीस की सरच आले नाहीत. मला माहीत होतं. आजीला कुशीवर वळवताना तिचं अंग तू स्वतःवर घ्यायचीस. तिकडे त्या आडव्या-तिडव्या पेशंटना उचलून तुझी पाठ गेली तेव्हा मला नवल वाटलं नाही. पुढे त्या पाठीच्या गोळ्या, आणि त्यानंतरचं सगळं. मी स्वतः नर्स, रोज व्हिडिओवर तुझा चेहरा बघत होते.

ते असू दे. एनक्लेक्सचा, तिकडच्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा, निकाल आला तेव्हा बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. त्यांना अजूनही कुणी विचारलं की "मुलगी काय करते," तर म्हणतात, "आयसीयूत आहे." परवाही शिंप्याला तेच सांगत होते. मी काही बोलले नाही, कारण ते खरंच आहे.

उद्या सकाळी ॲप बघितलंस की मला नुसता एक अंगठा पाठव. रोज नको. बरं, रोज पाठव.

विवेकरावांना नमस्कार, ओमला पापा.

तुझी,
आई

ता. क. कलामावशी पुढच्या महिन्यात ऑर्लँडोला येतेय, डिंकाचे लाडू घेऊन. ती त्यात मूठभर खसखस घालतेच. मी तिला काहीतरी कारण सांगून बघते, पण ती ऐकणारी नाही. घे, गोड बोल, आणि सगळे विवेकरावांच्या ऑफिसात पाठवून दे.