ट्रेलवर जाण्याआधी

चि. अद्वैत,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तू अपालेशियन ट्रेलवर, त्या लांबलचक डोंगरवाटेवर, निघशील. पहिलं वर्ष संपताना तुझ्या सेंट बेनेडिक्ट्स शाळेची मुलं ५५ मैल चालतात, म्हणजे जवळजवळ ८८ किलोमीटर, आपापलं ओझं पाठीवर घेऊन. बूट, मोजे, रेनकोट याबद्दल बाबा बोलतीलच. मला वेगळं काही लिहायचंय.

परवा कराडहून मावशीचा फोन होता. "पोराला फादर लोकांच्या मठात का घातलंस?" तुझी शाळा मठातले साधू चालवतात, म्हणून तिने असं विचारलं. तिची काळजी मनापासूनची आहे. तिला मी जे सांगितलं, ते तुलाही माहीत असावं.

मिशनरी शाळा आपल्या घरात नवी नाही. मामा पुण्याच्या सेंट व्हिन्सेंटला शिकला. ती जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांची शाळा १८६७ सालची, तुझी अमेरिकेतल्या नेवार्कमधली १८६८ची. पण दोन्हींत एक फरक आहे आणि मला तोच मोलाचा वाटतो. जेझुइट फादरांची बदली होते, पाठवतील तिथे ते जातात. तुमच्याकडचा बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या पंथातला, साधू मात्र एकाच मठाशी आयुष्यभर बांधून राहण्याची शपथ घेतो.

ही शपथ नेवार्कमध्ये खरोखर पणाला लागली. १९६७च्या जुलैत शहर वांशिक दंगलीत पाच दिवस धुमसत होतं. २६ माणसं गेली. आधीपासूनच लोक उपनगरांकडे निघाले होते, त्यानंतर ज्याला जमलं तो गेला. शाळेतली मुलं घटली, मठात मतभेद झाले आणि १९७२ मध्ये शाळा बंद पडली. बरेच साधू निघून गेले, काही मॉरिसटाउनच्या मठात. जे थोडे उरले त्यांनी दुसऱ्याच वर्षी, १९७३ मध्ये, शाळा पुन्हा उघडली. मुख्याध्यापक झाले फादर एडविन लेही, तेव्हा तिशीचेही नव्हते. आजूबाजूला आता कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची कुटुंबं होती, त्यातली कितीतरी कॅथलिक नव्हती. साधूंनी त्यांच्याच मुलांना आपलं म्हटलं. आज तू हिंदू घरातला मुलगा त्या वर्गात निःसंकोच बसतोस, त्याची वाट तेव्हाच पडली असं मी मानते.

मी गाव सोडून आलेली बाई. पोटासाठी, मुलाबाळांसाठी माणूस जातो, त्यात पाप नाही. पण सगळे जात असताना जे राहिले, त्यांच्यापुढे माझी मान आपोआप झुकते. त्यांच्या हाताखाली तू शिकावंस असं मला वाटलं, यापलीकडे मावशीला द्यायला माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं.

त्यांचा नियम मी वाचून काढला. संत बेनेडिक्टनी सहाव्या शतकात लिहिलेली ७३ प्रकरणं आहेत, बरीचशी अगदी छोटी. झोपायचं कसं, जेवायचं किती, पाहुण्याला कसं घ्यायचं, सगळं त्यात आहे. तिसरं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं. मठात काही महत्त्वाचं ठरवायचं असेल तर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा देव धाकट्यालाच योग्य ते सुचवतो, असं त्यात म्हटलंय. तुमच्याकडे सकाळच्या कॉन्व्होकेशनला, म्हणजे सगळ्या शाळेच्या सभेला, हजेरी मुलंच घेतात, आपल्या गटातलं कोण आलं नाही याचा जाब गटाच्या म्होरक्याला द्यावा लागतो. पंधरासोळा वर्षांच्या पोरांवर एवढा विश्वास टाकायला मोठं मन लागतं रे. त्या विश्वासाला जप.

"माझ्या भावाला जे दुखावतं ते मला दुखावतं," हे तुमच्या शाळेचं ब्रीदवाक्य ट्रेलवर खरं करून दाखवायची वेळ येईल. कुणीतरी मागे पडेल, रडकुंडीला येईल, बाकीच्यांवर चिडेल. आजोबा आळंदीहून पंढरपूरला चालत जायचे तेव्हा दिंडीतल्या म्हाताऱ्यांची पडशी तरुणांच्या खांद्यावर यायची, कुणी सांगावं लागायचं नाही. तूही बोलणी न ऐकवता त्याच्या पिशवीतलं थोडं आपल्या पिशवीत घे. आणि तूच थकलास तर तसं सांग, लपवू नकोस. पायाला फोड आला तर लगेच पट्टी लाव.

प्रार्थनेचं तू विचारलं होतंस. फादरांबरोबर स्तोत्रं म्हणताना ओठ मिटून बसू नकोस. आवडतात तर मोकळ्या आवाजात म्हण, आपली रामरक्षा त्याने रुसत नाही. कम्युनियन, म्हणजे प्रार्थनेत फादर देतात तो पवित्र प्रसाद, मात्र त्यांच्या धर्मातल्या माणसांसाठी असतं. तिथे रांगेत गेलास तर दोन्ही हात छातीवर आडवे घे, म्हणजे फादर फक्त आशीर्वाद देतील. त्यांचं जे पवित्र आहे ते आपणही तितक्याच जपून हाताळायचं.

परत आलास की मठातल्या एखाद्या वयस्कर फादरांशी निवांत बोल. १९७२-७३ पाहिलेले आता थोडेच उरलेत. सगळे निघाले तेव्हा ते का राहिले, हे त्यांना नीट विचार. ते जे सांगतील ते मला जसंच्या तसं ऐकायचंय.

तुझी,
आई