सरकारी तिजोरीला मालक कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजांच्या ताब्यातून सुटलेल्या देशांतल्या कादंबऱ्यांवर पेपरात लिहून येतं तेव्हा बहुतेक वेळा गोऱ्यांनी काय अन्याय केला तेवढंच येतं, अन् भ्रष्टाचाराचा विषय निघाला की सगळं खापर पुढाऱ्यावर. मला हे दोन्ही अर्धवट वाटतं, म्हणून हे पत्र.

चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची 'अ मॅन ऑफ द पीपल' ही १९६६ ची कादंबरी घ्या. नव्यानं स्वतंत्र झालेला देश, त्यात नांगा नावाचा मंत्री, आधी साधा मास्तर होता, बोलायला एकदम गोड. त्या देशात कॉफीचे भाव पडतात, अर्थमंत्री म्हणतो शेतकऱ्याला देतो तो भाव कमी करावा लागेल, पण इलेक्शन तोंडावर, म्हणून पंतप्रधान दीड कोटी पौंडाच्या नोटा छापायला लावतो अन् अर्थमंत्र्यालाच गद्दार ठरवून काढून टाकतो. आपल्याकडची १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायचा, ही ज्यानं पाहिली, भाव कधी जाहीर व्हायचा अन् चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, कधी हातात पडायचे हे ज्याला माहीत आहे, त्या कास्तकाराला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण माझ्या मते त्या कादंबरीचा जीव एका छोट्या प्रसंगात आहे. गावातला दुकानदार एका आंधळ्या भिकाऱ्याची काठी चोरतो, जादूटोण्यासाठी, म्हणजे गिऱ्हाईक आंधळं होऊन आपल्याकडेच यावं. गावाला कळतं. लोक फक्त त्याच्याकडून माल घेणं बंद करतात, अन् दुकान बसतं. तेच लोक मंत्र्यानं कितीही खाल्लं तरी त्याच्या सभेला नाचतात. काठीला मालक होता म्हणून गाव त्याच्या बाजूनं उभं राहिलं, देशाच्या तिजोरीलाही मालक आहे असं तिथं कोणाला वाटतच नाही.

आता हे न वाटणं आलं कुठून? १८५३ मधे निजामाच्या फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, इथल्या माणसाला कोणी विचारलं नाही. नंतर रेल्वे आली, जिनिंग आले, सारा वसूल व्हायचा, कापूस बाहेर जायचा. कचेरी आपल्यासाठी आहे असं वाटायला लोकांना काही कारणच दिलं नव्हतं. मग १९४७ नंतर त्याच कचेरीत आपली माणसं बसली तरी, आपला माणूस तिथं पोचला ना, मग दोन पैसे आपल्याकडेही वळवले पाहिजेत, हीच अपेक्षा राहिली. फेरफारासाठी पैसे द्यावे लागले की चिडणारा माणूस आपल्या पोराच्या नोकरीसाठी मात्र वशिला शोधतो, अन् त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

अचेबेंच्याच १९६० च्या 'नो लाँगर ॲट ईज' मधे गावकरी वर्गणी करून एका पोराला विलायतेत शिकवतात. तो परत येऊन मोठा ऑफिसर होतो, पण त्या खुर्चीबरोबर गोऱ्या साहेबाचा थाटही येतो, मोटार, चांगला फ्लॅट, नोकर, वरून गावाचं कर्ज फेडायचं, घरी पैसे पाठवायचे, अन् सुरुवातीला लाच झिडकारणारा हा पोरगा शेवटी स्कॉलरशिपच्या कामात पैसे घेताना पकडला जातो. तो मुळात वाईट नव्हता, हेच मला सगळ्यात लागलं. याचा अर्थ खाणाऱ्याला माफ करा असा नाही, पण माणूस बदलून खुर्ची तशीच ठेवली तर काय होतं ते इतकं सरळ मी दुसरीकडे वाचलं नाही.

आपल्या परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंनी 'सिंहासन' मधे मुंबईच्या सत्तेचं राजकारण उघडं केलं, ते आपण आवडीनं वाचतो. त्याच्या शेजारी ही पुस्तकं ठेवून वाचायला पाहिजेत, कारण यात मत देणारं गावही आहे. तरी विनंती, आपल्या रविवारच्या पुरवणीत या कादंबऱ्यांची मराठीतून सविस्तर ओळख क्रमशः द्यावी. आमच्या ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी यादीत सगळ्यात लहान, वाचनालयात इंग्रजी पुस्तक कोणी घेत नाही, पण पेपर रोज दहा हातातून फिरतो.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ