सूचना : ३ जुलै, कॅप्टन मनोजकुमार पांडे स्मृतिदिन

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शुक्रवारी, ३ जुलैला सायंकाळी ६.३० वाजता आपल्या सोसायटीच्या सभागृहात जमायचे आहे. कार्यक्रम तासाभराचा आहे आणि वेळेवर सुरू होईल.

१९९९ साली याच तारखेला कारगिल युद्धात, बटालिक भागातल्या खालुबारवर १/११ गोरखा रायफल्सचे मनोजकुमार पांडे धारातीर्थी पडले. आजूबाजूच्या उंचीवरून गोळीबार होत होता आणि उजाडायच्या आत शत्रूची ठाणी मोडली नसती, तर पूर्ण बटालियन उघड्यावर सापडली असती. त्यांनी एकेक बंकर घेतला. तिसऱ्यापाशी खांद्याला आणि पायांना गोळ्या लागल्या, तरी ते चौथ्यावर ग्रेनेड घेऊन गेले. तिथे कपाळावर गोळ्या लागल्या. चोविसावा वाढदिवस होऊन तेव्हा आठच दिवस झाले होते! पुढे त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते मूळचे उत्तर प्रदेशातल्या सीतापूरचे, पण घडले आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत.

लक्षात ठेवा :
- आठवीपुढच्या मुलांना जरूर आणा. परमवीर चक्राच्या सन्मानपत्राचा मराठी अनुवाद तीच वाचणार आहेत. नावे बुधवारपर्यंत सचिवांकडे द्या.
- हार-गुच्छ नकोत. तो खर्च सशस्त्र सेना ध्वजदिन निधीच्या पेटीत टाकावा.
- फटाके, राजकीय घोषणा नकोत. मोबाइल बंद ठेवावेत.
- सोसायटीतल्या निवृत्त सैनिकांसाठी पहिली रांग मोकळी ठेवा. त्यांना घ्यायला कोण जाणार, ते आजच कळवा.

आपला,
सचिव