‘रोमान्स’ आणि ‘रोमांच’

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘रोमान्स’ हा शब्द आपल्या ‘रोमांच’ शब्दावरूनच युरोपात गेला असावा, असे विधान वाचले. दोन शब्द कानाला सारखे वाटले म्हणून त्यांचे गोत्र एक होत नाही. ‘रोमांच’ म्हणजे अंगावर काटा येणे. नाट्यशास्त्राने त्याची गणना आठ सात्त्विक भावांत केली आहे. ‘रोमान्स’चे मूळ मात्र रोम शहराच्या नावात आहे आणि त्याचा पहिला अर्थ प्रेमाचा नसून भाषेचा आहे.

लॅटिन ही धर्माची आणि विद्वानांची भाषा राहिली, तेव्हा सामान्य माणसे तिच्यापासून निघालेली जी बोली बोलत, ती बोलण्याच्या रीतीला ‘रोमानिके’ म्हणत आणि त्यावरूनच जुन्या फ्रेंचमधील ‘रोमांझ’ हा शब्द आला. 813 साली फ्रान्समधील तूर येथील धर्मपरिषदेने पाद्र्यांना आज्ञा केली, की प्रवचने सर्वांना समजावीत म्हणून ती खेडवळ रोमी बोलीत किंवा जर्मन बोलीत सांगावीत. 842 साली स्ट्रासबुर्ग येथे सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी एकमेकांशी करार केला, तेव्हा जर्मनभाषक लुईने आपली शपथ भावाच्या सैन्याला कळावी म्हणून रोमान्स बोलीत घेतली.

हे वाचताना मला आमच्या महानुभाव परंपरेतील नागदेवाचार्य आठवतात. पंथातील पंडित केशिराज संस्कृतात लिहू लागले, तेव्हा ‘असे केलेस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील’ (म्हणजे संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध भक्तिणी वंचित राहतील), या आशयाचे बोल सुनावून त्यांनी त्यांना मराठीकडे वळवले. तूरच्या धर्मगुरूंची आणि नागदेवाचार्यांची कळकळ मला एकाच जातीची वाटते. सुलतानपुऱ्यातील आमच्या जुन्या घरी आजी तांबड्या फडक्यात बांधलेली ओवीबद्ध पोथी सोडताना म्हणत असे, ‘भटजींची ती संस्कृत, आमची आपली प्राकृत.’ पोथी अर्थात मराठी होती. आजीच्या तोंडचे ‘प्राकृत’ आणि फ्रेंचांचे ‘रोमांझ’ यांचा अर्थ मला सारखाच वाटतो: शास्त्राची नव्हे, आपली भाषा.

पुढे बाराव्या शतकात ट्रॉय, सिकंदर, राजा आर्थर आणि त्याचे सरदार यांच्या कथा या बोलीत रचल्या गेल्या. ‘रोमान्समध्ये लिहिलेले’ ते ‘रोमान्स’ असे भाषेचे नाव ग्रंथप्रकाराला मिळाले. त्या कथांत मंतरलेली अरण्ये होती, साहसे होती आणि जिच्यासाठी सरदार प्राण पणाला लावी अशी स्त्री होती. त्यामुळे शब्दाला आधी अद्भुताचा रंग चढला आणि प्रेमप्रकरण हा अर्थ फार उशिरा चिकटला. फ्रेंच माणूस आजही कादंबरीला ‘रोमां’ म्हणतो, तर स्पॅनिशमध्ये ‘रोमान्से’ म्हणजे पोवाड्यासारखे कथाकाव्य.

आपल्याकडे याच्या उलट घडले आहे, आणि ते मला विशेष मोलाचे वाटते. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या प्रेमकथेची नायिका कादंबरी. तिचे नाव मराठीने (आणि कन्नडनेही) साऱ्या ग्रंथप्रकाराला दिले. फ्रेंचांनी भाषेच्या नावावरून कथेचे नाव घेतले, आपण एका प्रेयसीच्या नावावरून घेतले. आमच्या वडोदऱ्यात मांडवीजवळच्या ग्रंथालयात एका कपाटापाशी ‘कादंबरी’ म्हणणारा मराठी माणूस पुढच्या कपाटापाशी सहज ‘नवलकथा’ म्हणतो, कारण गुजरातीने त्याच वस्तूसाठी ‘नॉव्हेल’च्या जवळचा, पण अस्सल घरचा वाटणारा शब्द घडवला. अशा गावात शब्दांची कुळकथा चुकीची छापली जावी, याचे वाईट वाटते.

संस्कृतचा अभिमान मलाही आहे. पण ‘रोमांच’ शब्दाला थोर ठरण्यासाठी परक्या शब्दाचे पितृत्व चिकटवण्याची गरज नाही. पुढील पुरवणीत या विधानाची दुरुस्ती छापावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक जुना वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा