मुरूम लागेपर्यंत

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा कुर्डुवाडी मागे पडली तरी बाबांचं ते एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. "प्रार्थनेला बसलो की शब्दच सापडत नाहीत गं आता. विश्वास आटला का काय माझा?" रिक्षा दारात उभी होती, मी घाईत "असं काही नसतं बाबा" म्हणून निघाले. ते काही उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र. आई, तू त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. सावकाश.

बाबा, आपलं घर बांधलं तेव्हा मी चौथीत होते. सोलापूरची काळी माती, पावसात फुगणारी आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. मुरूम लागेपर्यंत खणायचं, असं गवंडीमामांनी सांगितलं होतं. खड्डा माझ्या डोक्याच्या वर गेला, हातातले पैसे संपत आले, तरी तुम्ही थांबला नाहीत. त्या रात्री कुटुंबप्रार्थनेत तुम्ही लूकचा सहावा अध्याय वाचलात. मत्तय नुसतं खडकावर घर बांधल्याचं सांगतो, पण लूक 'खोल खणलं' हेही सांगतो, हे तुम्ही आम्हाला बोट ठेवून दाखवलंत. मला तेव्हा झोप येत होती. पण ते लक्षात राहिलं.

मग मिल बंद पडली. पुन्हा सुरू व्हावी म्हणून आपण रोज गुडघे टेकले आणि ती सुरू झाली नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण साक्ष देताना लोक असल्या प्रार्थना गाळतात. तुम्ही गाळल्या नाहीत. पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं आणि काटा तसाच राहिला, त्याला फक्त कृपा पुरेशी असल्याचं उत्तर मिळालं, हे तुम्ही तेव्हाच आम्हाला सांगितलं. घरी चादरी शिवायला आणल्यात. आणि आई, तू त्या दिवसांतही भाकरीचं पीठ मळायच्या आधी मूठभर ज्वारी देवाच्या डब्यात टाकत होतीस. हंगामाच्या उपासनेला तो डबा भरलेलाच गेला. मला तेव्हा तुझा राग यायचा. आता कळतं, तेही खणणंच होतं.

कारण पाया संकटाच्या दिवशी खणता येत नाही. माझं बाळ जन्मून दोन दिवसांनी गेलं तेव्हा माझ्याजवळ काहीच नव्हतं. भेटायला येणारे "देवाची इच्छा" म्हणत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. बाबा, तुम्ही रात्रीच्या गाडीनं आलात, खाटेजवळ बसलात आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलंत. शेवटपर्यंत तक्रार, आणि काळोखातच संपणारं. वाचून झाल्यावर तुम्ही समजूत घातली नाहीत. एवढंच म्हणालात, "हेही पवित्र शास्त्रातच आहे." देवाशी भांडणारा माणूस अजून देवाशीच बोलत असतो, हे मी त्या रात्री शिकले. त्याच्यावरच मी उभी राहिले.

परतताना केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव, लागलं आणि त्या आठवल्या. दुष्काळात आई-वडील गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा. शेवटी १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक. तरी हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर पुरं करूनच त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मी लहान असताना गाडी तिथून जायची तेव्हा तुम्ही टोपी काढायचात. बाई कधीच खचल्या नसतील, असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. खचल्या असतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाशी बसल्या असतील.

तर बाबा, शब्दांचं. अर्धांगाच्या झटक्यानं तुमची जीभ जड केली, विश्वास नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय ना, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुम्हीच मला ते पाठ करायला लावलं होतं. आणि एकाहत्तरावं स्तोत्र तर म्हाताऱ्या माणसाचंच आहे: शक्ती सरली तरी मला टाकू नकोस. तुम्ही चाळीस वर्षं आमच्यासाठी शब्द शोधलेत. आता तुमच्यासाठी आम्ही शोधू.

रोज साडेसातला मी फोन करेन. आई, स्पीकरवर लाव आणि बाबांचा उजवा हात हातात धर. वाचन मी करेन, प्रार्थना आपण आलटून-पालटून करू. बाबांनी फक्त ऐकायचं. आमेन म्हणता आलं तर म्हणायचं, नाही तर हात दाबायचा. आई मला सांगेल. पाणी यायची वेळ असली की आधी पाणी भरून घे, मी थांबेन.

रक्तदाबाची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही. शेंगाचटणी पोचली.

तुमची,
ताई