नाताळच्या पहाटेचा खून

माननीय संपादक,

राजदरबारातील खुनांवर नाताळनिमित्त आपल्या पुरवणीत आलेले लेखन वाचले, त्यात इ.स. 820 मधील कॉन्स्टँटिनोपलचे प्रकरण मात्र राहून गेले. बायझंटाइन सम्राट पाचवा लिओ याने आपला जुना सहकारी, सेनापती मायकेल याला राजद्रोहाबद्दल नाताळच्या पूर्वसंध्येला देहदंड सुनावला. पण ऐन सणात हे पाप नको, अशी गळ सम्राज्ञी थिओडोसिया हिने घातल्याने शिक्षा लांबणीवर पडली. तेवढ्या अवधीत मायकेलने तुरुंगातून साथीदारांना निरोप धाडला, की मला सोडवा, नाहीतर तुमची नावे उघड करतो. पहाटे हे साथीदार धर्मगुरूंच्या वेशात, वस्त्रांखाली शस्त्रे दडवून राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात शिरले, प्रथम अंधारात भलत्याच माणसावर धावून गेले आणि मग वेदीपाशी झुंजणाऱ्या सम्राटाला त्यांनी ठार केले. बेड्या तोडण्याआधीच मायकेल सिंहासनावर बसला.

ही हकीकत इतकी रंगतदार आहे, की मला तिचा थोडा संशयच येतो. ती सविस्तर सांगणारे इतिहासकार दहाव्या शतकातले, शिवाय 815 मध्ये धर्मप्रतिमांच्या पूजेवर पुन्हा बंदी आणणाऱ्या लिओविषयी रोष बाळगणाऱ्या परंपरेतले आहेत. मारेकरी कोणाचे, हे उघड आहे. मात्र कट त्या एका रात्रीत रचला गेला की दरबारात आधीपासूनच शिजत होता, याची छाननी आपल्या अभ्यासू लेखकांनी पुढील अंकात जरूर करावी.

– एक वाचक, पुणे