आमचं ‘खरं’ छाटीत जातंय

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

निपाणीजवळच्या खेड्यात घरी बसून मोबाईलवर आवाजाच्या क्लिपा ऐकायच्या आणि मराठीत टाईप करायच्या, हे ऑनलाईन काम मी दोन वर्षं करतेय. माझं नाव तिथं कुणालाच माहीत नाही, नुसता आयडी नंबर, पैसे क्लिपमागे. ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या वेबसाईटवर असली कामं 2005 पासून चालतात, ते नाव 1770 सालच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावरून घेतलंय, त्याच्या आत माणूस लपून बसायचा. मी करते ती कंपनी वेगळी, खरं आत बसलेला माणूस आम्हीच.

लोक म्हणतात यात लबाडी फार, न ऐकताच काहीतरी ठोकून देतात, एकच जण तीन तीन आयडी काढतो. होतं असं, मी बघितलंय आणि मला राग येतो, कारण याच टाईपिंगवरून पुढं मशीन मराठी शिकणार. खरं लबाडी चालू कशी होते ते माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते.

एका क्लिपमध्ये आमच्याकडचा एक म्हातारा बोलत होता, ‘येतो म्हणालेलो खरं पाऊस लागला.’ बेळगाव भागात ‘पण’ला आम्ही ‘खरं’च म्हणतो. सूचना होती जे ऐकू येतं तेच लिहा, म्हणून चारदा ऐकून मी ‘खरं’ लिहिलं. रिजेक्ट! एक क्लिप तिघांना देतात आणि दोघांचं जुळलं की ते बरोबर धरतात, बाकीचे दोघं लांबचे असतील, त्यांनी ‘पण’ लिहिलं असणार. आठवड्यानं परत तसाच ‘खरं’ ऐकू आला आणि मी ‘पण’ टाईप केलं. पास झालं, पैसे आले. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही, अहो खोटं लिहिलं त्याचे पैसे मिळाले, खरं लिहिलेलं फुकट गेलं.

माझी आजी बिड्या वळायची. मजुरी हजार बिड्यांमागे, आणि माल नेऊन दिला की त्यातली छाट, म्हणजे नापास बिड्या, बाजूला काढायचे. खरं ती छाट डोळ्यासमोर असायची, हातात घेऊन बघता यायचं पान फाटलंय का तंबाखू कमी पडलाय, आणि भांडता यायचं. 1966 च्या बिडी कायद्यात छाटीवरून वाद झाला तर दाद मागायची सोय ठेवलेली होती. आमच्या छाटीला नुसती लाल फुली, कारण नाही, विचारायला माणूस नाही. मग चार दिवसांनी पोरं म्हणतात नीट ऐकायचं तरी कशाला.

कर्नाटकात 2025 मध्ये गिग कामगारांचा, म्हणजे ॲपवरून काम घेऊन करणाऱ्यांचा, कायदा झाला, त्यात कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि 14 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ते आम्हा घरबसल्या क्लिपा करणाऱ्यांनाही मिळू दे, आणि काम रिजेक्ट करतानाही कारण दाखवू दे. अजून एक, ‘नीट ऐकू येत नाही’ असं बटण आहे खरं ते दाबलं की एक पैसा मिळत नाही, मग कोण दाबणार, सगळे अंदाजानं लिहून मोकळे होतात. तिथं अर्धे जरी पैसे दिले तरी माणूस कळलं नाही म्हणून सांगेल.

आणि पाठवलेलं काम परत उघडून दुरुस्त करायची सोय द्या, तो ‘पण’ मला अजून बदलायचाय.

आपली,
एक वाचक, ता. निपाणी, जि. बेळगाव